खाजनातील तळ्याच्या पाण्याचे तापमान बिनतारी डेटा लॉगरने कसे नोंदवावे?

गोव्यातील चोडणच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, आपले कोळंबीचे तळे आहे, घर तेथून सुमारे सातशे मीटरांवर आहे, आणि पाण्याचे तापमान रात्रंदिवस नोंदले जाऊन ते घरी पाहता यावे यासाठी कोणता बिनतारी डेटा लॉगर (आकडे आपोआप नोंदवणारे यंत्र) घ्यावा व तो कसा बसवावा, असे आपण विचारले आहे. माझे तळे दिवाडीच्या खाजनात असून गेली चार वर्षे मी अशी नोंद ठेवत आलो आहे, म्हणून जे अनुभवाने कळले ते सविस्तर लिहितो. बिनतारी जोडणी हा या कामातला सोपा भाग आहे. सेन्सर पाण्यात नेमका कुठे लटकतो आणि त्याचा आकडा आधी पारखून घेतला आहे की नाही, यावर नोंदीचा सगळा भरवसा असतो.

‘बिनतारी’ म्हणजे सगळे यंत्रच पाण्यात सोडून द्यायचे, असा समज अनेकांचा असतो, माझाही होता. रेडिओलहरी पाण्यात, त्यातही खाऱ्या पाण्यात, काही सेंटिमीटरांतच विरून जातात. होबो टिडबिटसारखे ब्लूटूथवर चालणारे तयार लॉगर पाण्याखाली उत्तम नोंद ठेवतात, परंतु ती नोंद त्यांच्या स्वतःच्या मेमरीत साठते आणि फोनवर उतरवून घेण्यासाठी लॉगर पाण्याबाहेर काढावा लागतो. आठवड्यातून एकदा आकडे पाहून ज्याचे भागते त्याने तोच घ्यावा, त्यात कटकट सर्वांत कमी आहे. आपल्याला आकडा घरी हवा असल्याने सेन्सर पाण्यात, तेथून तार वर, आणि रेडिओ असलेली पेटी बांधावरच्या खांबाला, अशीच रचना करावी लागेल.

सातशे मीटरांवर घरच्या राउटरचे वाय-फाय पोहोचणार नाही. सिम कार्डाचा पर्याय आहे, मात्र बाजारात मिळणारे स्वस्त मॉड्यूल बहुधा टूजीचे असते आणि त्यात जिओचे सिम चालत नाही, हे विकत घेण्यापूर्वी पाहून घ्यावे. मी लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर थोडी माहिती पाठवणारी रेडिओपद्धत, वापरतो. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो, तेव्हा त्याच पट्ट्याचे मॉड्यूल आणि त्याच पट्ट्याची अँटेना मागून घ्यावी. दुकानात ४३३ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल हातात पडण्याची शक्यता बरीच असते. खाजन सपाट व मोकळे असल्याने हे अंतर लोरासाठी काहीच नाही, पण मध्ये खारफुटीची दाट रांग असेल तर खांब तिच्या शेंड्याहून उंच हवा. अँटेना जोडल्याशिवाय मॉड्यूल कधीही सुरू करू नये, कारण तसे केल्यास त्याचा प्रक्षेपक जळू शकतो.

सेन्सर म्हणून पोलादी नळीत बंद केलेला डीएस१८बी२० पुरेसा आहे. उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान त्याची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश असते, आणि प्रत्येक सेन्सरला स्वतःचा वेगळा क्रमांक असल्याने एकाच तारेवर दोन-तीन सेन्सर जोडता येतात. कोणता क्रमांक कोणत्या नळीचा, हे जोडण्यापूर्वीच चिठ्ठी लावून ठेवावे. त्याला विजेची, ग्राउंडची आणि माहितीची अशा तीन तारा असतात, त्यांपैकी वीज व माहिती यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतोच. दोनच तारांवर चालवण्याची सोयही त्यात आहे, पण लांब तारेवर तिच्यावर विसंबू नये. ‘जलरोधक’ असे लिहिलेले असले तरी नळीच्या तोंडाशी, जेथून तार बाहेर येते तेथे, खारे पाणी शिरते आणि तारेच्या आवरणाच्या आतून वर चढत जाते. माझे पहिले दोन सेन्सर असेच गेले. कापून पाहिले तेव्हा आतले तांबे हिरवे पडलेले होते. तेव्हापासून मी तोंडाशी एपॉक्सी भरतो आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (उष्णतेने आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवतो.

पाण्यात सोडण्याआधी सेन्सर बर्फात पारखावा. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा गच्च भरावा, फटी भरतील एवढेच थंड पाणी ओतावे, ढवळावे आणि दहा मिनिटांनी आकडा पाहावा. तो शून्याच्या जितका वर किंवा खाली असेल तितका फरक लिहून ठेवावा. बर्फ मात्र घरच्या फ्रिजमधला, पिण्याच्या पाण्याचा असावा. मासळीबाजारातून आणलेल्या बर्फाला मीठ लागलेले असते, त्यामुळे त्याचे तापमान शून्याखाली उतरते आणि चांगला सेन्सर खोटा ठरतो. बाजारात या सेन्सरच्या नकला पुष्कळ असल्याने दोन हवे असतील तर चार आणावेत आणि या परीक्षेत जे जुळतील ते वापरावेत. शिवाय आपल्याला काम पडते ते तीस अंशांच्या आसपास, म्हणून बादलीभर कोमट पाण्यात चांगल्या थर्मामीटरशीही एकदा ताडून पाहावे.

आता जागा. पहिल्या वर्षी मी सेन्सर मानशीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या, खांबाला एका ठरावीक उंचीवर बांधला होता. दर काही दिवसांनी दुपारी आकडा अचानक ३८-३९ अंशांवर जाई आणि तासाभराने उतरे. मी घाबरून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) लावत होतो. एके दिवशी भर दुपारी बांधावर जाऊन उभा राहिलो, तेव्हा दिसले की ओहोटीला मानशीतून पाणी बाहेर पडून पातळी उतरली होती आणि पोलादाची नळी चिखलावर वीतभर हवेत, उन्हात तळपत लोंबत होती. इतके दिवस मी पाण्याचे तापमान मोजतच नव्हतो. म्हणून वरचा सेन्सर खांबाला न बांधता तरंगणाऱ्या रिकाम्या डब्याला बांधावा, म्हणजे तो पातळीबरोबर वरखाली होईल आणि नेहमी पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटर राहील. डबा पांढरा असावा.

दुसरा सेन्सर तळाशी, चिखलापासून १० सेंटिमीटर वर, वजन बांधून सोडावा, आणि यात काटकसर करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. खाजनात पावसाळ्याच्या तोंडाशी जे घडते ते एका सेन्सरने कळतच नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थर धरून बसते. खालच्या थरात शिरलेली उन्हाची ऊब वर येऊ शकत नाही, कारण गरम झाले तरी ते खारे पाणी वरच्या गोड्या पाण्याहून जडच राहते. माझ्या तळ्यात एकदा सलग दोन दिवस वरचा सेन्सर २७ अंश दाखवत होता आणि तळाचा ३०च्या वर होता. कोळंबी तळाशी राहते. तिला साधारण २८ ते ३२ अंश मानवतात, तेव्हा हा आकडा एरवी भीतीचा नाही. पण असा थर बसला की वरचा प्राणवायू खाली पोहोचत नाही आणि धोका तेथे असतो. दोन सेन्सरांमधील फरक वाढू लागला की मी ओहोटीला मानशीची वरची फळी काढून गोड्या पाण्याचा थर बाहेर सोडतो आणि रात्री एरेटर चालवतो. हा फरक दिसावा एवढ्यासाठीच मी इतका खटाटोप करतो, असे म्हटले तरी चालेल.

नोंद दर पंधरा मिनिटांनी घेतली की पुरते. विजेचा हिशेब करताना लोक प्रक्षेपणाची चिंता करतात, खरा खर्च दोन नोंदींच्या मध्ये यंत्र झोपलेले असते तेव्हा होतो. समजा यंत्र दर वेळी तीन सेकंद जागे होऊन १०० मिलिअँपिअर घेते. दिवसाच्या ९६ नोंदींना मिळून सुमारे ८ मिलिअँपिअर-तास लागतात. पण ईएसपी३२चे (यंत्र चालवणाऱ्या चिपचे) साधे बोर्ड झोपेतही ५ मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला १२० जातात, आणि २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांच्या आत संपते. म्हणून झोपेत अत्यल्प वीज घेणारे बोर्ड निवडावे आणि सौरपॅनेल पावसाळ्यातील अंधाऱ्या आठवड्यांच्या हिशेबाने थोडे मोठेच घ्यावे.

पेटीत मेमरी कार्ड आणि डीएस३२३१चे घड्याळ असावे. संपर्क तुटला तरी कार्डावरची नोंद शाबूत राहते, आणि हे घड्याळ वर्षाकाठी जेमतेम मिनिटभर चुकते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येत असल्याने वेळ चुकली तर तापमान आणि मानस यांचा संबंध जुळवता येत नाही.

घरी आलेल्या आकड्यांत नेमके ८५ किंवा उणे १२७ दिसले तर ते तापमान नव्हे. पहिला आकडा मोजणी पूर्ण होण्यापूर्वी सेन्सर वाचल्याचा किंवा वीज क्षणभर तुटल्याचा असतो, दुसरा तार सुटल्याचा. सरासरी काढण्यापूर्वी ते गाळावेत, पण मोजून ठेवावेत. उणे १२७ वारंवार येऊ लागले की एपॉक्सी केलेला सांधा आधी तपासावा. दर पंधरवड्याला नळीवरचे शेवाळ जुन्या टूथब्रशने घासून काढावे आणि त्याच फेरीत कार्डावरची नोंद उतरवून घ्यावी.