तळहाताएवढा सरंगा परत ठेव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

होमस्टेसाठी काय काय घ्यायचं त्याची तुझी यादी वाचली. बांबूचे टूथब्रश, 'इको' छापलेले कागदी पेले, ज्यूटच्या पिशव्या, नवा फ्रीज. निसर्गाला ओरबाडून धंदा करायचा नाही, हे तू सुरुवातीलाच ठरवलंस याचा मला मनापासून आनंद झाला. पण यादीतल्या बऱ्याच वस्तू एकदाच घ्यायच्या आहेत आणि काहींची तर गरजही नाही. तुझा खरा पैसा जाणार तो रोज सकाळी मासळी बाजारात, किराणावाल्याकडे आणि पाण्याच्या बाटल्यांवर. म्हणून मला बोलायचंय ते तिथल्या खर्चाबद्दल.

मालवणात पाहुणा येतो तो सुरमई, सरंगा म्हणजे पापलेट, नाहीतर कोळंबी मागतच येतो. थाळीत अख्खा मासा दिसावा म्हणून लहान सरंग्याला गिऱ्हाईक मिळतं, आणि गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर तो टोपलीत येतोच. तू तो हातात घेऊन बघ. तळहातावर शेपटीसकट मावत असेल तर त्याने बहुधा एकदाही अंडी घातलेली नाहीत. तो परत ठेव आणि का ठेवलास तेही सांग. हाच सरंगा 2023 साली राज्य मासा म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी सरकारने 54 प्रकारच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, त्याखालचा मासा पकडू नये म्हणून. पण पहाटेच्या लिलावात प्रत्येक टोपलीपाशी मोजपट्टी घेऊन कोण उभं राहणार? तिथे विकत घेणाऱ्यानेच नको म्हणायला हवं. रोज आठ-दहा ताटं वाढणाऱ्या माणसाचं 'नको' मासेवाली लक्षात ठेवते.

तिच्याशी ओळख वाढव. मासळी रापणीची आहे की पर्ससीनची, हे नेहमीच्या गिऱ्हाइकाला ती सरळ सांगते. रापण हे मोठं जाळं, ते किनाऱ्यावरून माणसं हाताने ओढतात आणि मिळेल त्याचा वाटा अनेक घरांत जातो. पर्ससीनचं जाळं अख्ख्या थव्याला वेढा घालतं. त्यातही रात्री एलईडीचा झोत टाकून मासळी गोळा करायची पद्धत तर सगळ्यात घातक. केंद्राने तिच्यावर 2017 साली बंदी घातली, तरी त्यावरून किनाऱ्यावर अजून भांडणं होतात. पारंपरिक मच्छीमारांच्या पोटावर पाय येतो तो इथेच. तेव्हा रापणीच्या बांगड्याला दोन पैसे जास्त पडले तरी दे, आणि छोटी टोपली घेऊन बसलेल्या बाईशी वीस रुपयांसाठी घासाघीस करू नकोस.

बांगडा, तारले, पेडवे लवकर वाढतात, भरपूर अंडी घालतात. ते बिनधास्त खायला घाल. मोरीचं मटण मात्र तुझ्या जेवणाच्या पाटीवर नसावं असं मला वाटतं, तू मालवणी असलास तरी. मोरी शार्कच्या कुळातली, तिला एका वेळी मोजकीच पिल्लं होतात. तिच्याऐवजी खाडीतले शिंपले, म्हणजे तिसऱ्या आणि कालवं, ठेव. ओहोटीला कमरेत वाकून, धारदार खडकावरून एकेक कालव फोडून काढणाऱ्या बायका तुझ्याच वाडीत असतील. त्या मालाला डिझेल लागत नाही, बर्फही फारसा लागत नाही, आणि पैसा थेट त्यांच्या हातात पडतो.

काजूचंही असंच आहे, फक्त तो प्रश्न डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडच्या कारखान्यांत फुटणारी बी पुष्कळदा आफ्रिकेतून आलेली असते, आणि बाहेरची बी उतरली की इथल्या बागायतदाराचा दर पडतो. पाकिटावर कोकणातलं नाव बघून फसू नकोस, बी कुठली ते विचार. दुसरं म्हणजे बी फोडणाऱ्या बायकांचे हात बघ. टरफलातलं तेल कातडी जाळतं. बोटांची टोकं काळी पडतात, सालं निघतात, आणि रात्री त्याच हातांनी त्यांना भाकरी थापायची असते. ज्या युनिटमध्ये हातमोजे देतात आणि मजुरी वेळेवर मिळते, तिथूनच घे, किलोमागे पन्नास रुपये जास्त पडले तरी. हे कुठल्याही पाकिटावर लिहिलेलं नसतं. एकदा आत जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून जाऊन ये.

बाटलीबंद पाणी ठेवूच नकोस. चांगला फिल्टर आणि स्टीलचा पिंप घे, खोलीत तांब्या-भांडं ठेव. रिकामी बाटली निदान भंगारवाला नेतो. शाम्पूच्या पुड्या आणि वेफर्सची चकचकीत पाकिटं तोही घेत नाही. ती पहिल्या पावसात ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातात. कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तेव्हा ते पेले यादीतून काढ. जेवायला केळीची पानं तुझ्या परड्यात आहेत, पेले धुवायला हात आहेत.

'इको', 'नैसर्गिक', 'हरित' असे शब्द दिसले की पुरावा माग. पुराव्याशिवाय असे दावे करणाऱ्या जाहिरातींना चाप लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 साली मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. कोणी फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. फ्रीज जुना चालतोय तोवर चालव. घ्यावाच लागला तर जास्त स्टारचा घे, कारण तो दिवसरात्र चालू असतो.

तू म्हणशील, सर, या सगळ्याने ताट महाग पडेल. पडेल थोडं. पण सगळंच महाग नाही. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी एकदम कर. आमसुलं, कुळीथ, उकडा तांदूळ, सुके बांगडे, सोडे, सगळं पिकवणाऱ्या-सुकवणाऱ्याच्या दारातून घे. मधले दलाल गेले की भाव उतरतो आणि शंभर छोटी पाकिटंही वाचतात. जे खरंच महाग पडेल त्याचा दर पाहुण्याला मोकळेपणाने सांग आणि तेवढे पैसे घे. त्यात संकोच नको.

आता जून-जुलैचं. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटी बंद. त्या दिवसांत कोणी ताजी सुरमई देतो म्हणाला, तर ती शीतगृहातली तरी असते नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून बर्फात आलेली. तिकडची बंदी 14 जूनला संपते. बुकिंग घेतानाच पाहुण्याला सांग की पावसात आमच्याकडे सुरमई नाही. कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा, फणसाच्या आठळ्यांची भाजी, टाकळ्याची भाजी आणि सोलकढी मिळेल. पाटीवर तेवढंच लिही आणि भाव नीट लाव. ते ताट शिजवायला तुझी आई असेल तर तिचीही मजुरी त्यात धर.

तुझे
सर