'आनुवंशिक'मधला वंश आणि त्याची पेरं

प्रश्न असा आला आहे: प्रजननपेशी तयार होताना जे विभाजन होतं, त्याला 'अर्धसूत्री विभाजन' म्हणावं की 'अर्धगुणसूत्री विभाजन'? त्यात नेमकं काय अर्धं होतं? आणि 'अनुवांशिक माहिती' पुढच्या पिढीत अर्धीच कशी जाते?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो, कारण माझं लक्ष तिसऱ्या भागातल्या एका शब्दावर खिळलं आहे.

दोन्ही शब्द चालतात, दोन्ही सदोष आहेत, आणि त्यांत 'अर्धगुणसूत्री' जास्त सदोष आहे. या विभाजनात एकही गुणसूत्र (पेशीतला, जनुकं वाहणारा धागा) अर्धं होत नाही. अर्धी होते ती गुणसूत्रांची संख्या. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, म्हणजे 23 जोड्या. प्रजननपेशीत 23 सबंध गुणसूत्रं जातात, प्रत्येक जोडीतलं एक. त्यात आणखी गोंधळ असा की, विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते, आणि एकमेकींना जोडलेल्या त्या दोन प्रतींना आपलीच पाठ्यपुस्तकं 'अर्धगुणसूत्रं' म्हणतात. म्हणजे 'अर्धगुणसूत्री विभाजन' याचा सरळ अर्थ 'अर्धगुणसूत्रं वेगळी होण्याचं विभाजन' असा होतो. पण ती वेगळी होणं हे साध्या सूत्री विभाजनाचं, म्हणजे शरीर वाढताना एका पेशीच्या दोन हुबेहूब पेशी होण्याचं, लक्षण आहे! प्रजननपेशींच्या विभाजनाचे दोन टप्पे असतात. त्यांतल्या पहिल्या टप्प्यात, जिथे संख्या खरोखर निम्मी होते, तिथे अर्धगुणसूत्रं एकमेकींना धरूनच राहतात आणि जोडीतली सबंध गुणसूत्रं फारकत घेतात. अर्धगुणसूत्रं सुटतात ती दुसऱ्या टप्प्यात. एकाच प्रकरणात एकाच शब्दाला दोन अर्थ देऊन विद्यार्थ्यांकडून स्पष्टतेची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

संख्याच सांगायची असेल तर 'द्विगुणित' आणि 'एकगुणित' हे शब्द आपल्याकडे आहेत आणि ते फार चांगले आहेत. संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पदरही. द्विगुण म्हणजे मुळात दुपदरी. द्विगुणित पेशीपासून एकगुणित पेशी होणं म्हणजे दुपदरीचं एकपदरी होणं. गुणसूत्रांचे दोन संच एकमेकांशेजारी असतात, त्यांतला एक उरतो. याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही. या विभाजनाचं इंग्रजी नाव 'मायोसिस' ग्रीकातून आलं आहे आणि त्याचा अर्थ नुसता 'घट' एवढाच आहे. 1905 साली फार्मर आणि मूर या शास्त्रज्ञांनी तो शब्द पेशीविज्ञानात आणला. त्याआधी तो अलंकारशास्त्रात होता, मोठी गोष्ट लहान करून सांगण्याच्या अलंकाराचं नाव म्हणून. 'न्यूनीकरण विभाजन' हा मराठी शब्द त्याच अर्थाचा आणि निर्दोष आहे, फक्त जिभेला जड.

आता 'अनुवांशिक'. हा शब्द मी बातम्यांत, दवाखान्यांतल्या पत्रकांत, विज्ञानाच्या लेखांत आणि आता या प्रश्नातही वाचला. असा शब्द नाही. मूळ शब्द 'अनुवंश'. त्याला 'इक' प्रत्यय लागला की शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते: समाज-सामाजिक, पुराण-पौराणिक, इतिहास-ऐतिहासिक. म्हणून अनुवंश-आनुवंशिक. 'अ'चा 'आ' होतो आणि 'वं' जागच्या जागी राहतो. चूक कुठून येते हेही उघड आहे. 'वांशिक' हा स्वतंत्र शब्द कानावर असतो, त्याच्यापुढे 'अनु' चिकटवला जातो.

यावर काही जाणकार पाणिनीचा आधार काढतात. काही सामासिक शब्दांत दोन्ही पदांची वृद्धी होते (परलोक-पारलौकिक, अधिभूत-आधिभौतिक), मग इथे का नको, असं ते म्हणतात. त्यांनी आपलीच उदाहरणं नीट वाचावीत. 'पारलौकिक'मध्ये 'पा' आहे, 'आधिभौतिक'मध्ये 'आ' आहे. ही सवलत घेतली तरी फार तर 'आनुवांशिक' मिळेल, 'अनुवांशिक' कधीच मिळणार नाही. पहिलं अक्षर ऱ्हस्व ठेवून फक्त दुसऱ्या पदाची वृद्धी व्याकरणात होते ती 'द्विवार्षिक'सारख्या मोजक्या शब्दांत, 'अनुवंश' त्यांतला नाही. 'रूढ झालं म्हणून शुद्ध' हा युक्तिवाद बोलीतल्या शब्दांसाठी मला मान्य आहे. पण हा शब्द बोलीत घडलेला नाही, ठरवून घडवलेला शास्त्रीय शब्द आहे, आणि तो बिघडला की आतला वंश दिसेनासा होतो.

तो दिसायला हवा, कारण वंश म्हणजे बांबू.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या दहाव्या सूक्तात स्तोते इंद्राला 'वंशासारखा' उंच उचलतात. तिथे कुळाचा काही संबंध नाही, तिथे वंश म्हणजे उभा केलेला वेळू. मराठीत तो 'वासा' होऊन छपरावर बसला, आणि घर फिरलं की घराचे वासेही फिरतात असं आपण म्हणू लागलो. 'बासरी' त्याच कुळातली. 'वंशलोचन' हे औषध बांबूच्या पोकळीतच सापडतं. पाठीच्या कण्याला 'पृष्ठवंश' म्हणतात, म्हणजे पाठीतला बांबू, मणक्यामणक्यांचा. जीवशास्त्राच्या पुस्तकात 'अपृष्ठवंशीय प्राणी' वाचणारा विद्यार्थी 'पाठीत बांबू नसलेले प्राणी' वाचत असतो, आणि हे त्याला कुणीही सांगत नाही.

मग कुळाला बांबूचं नाव का पडलं? नेहमी दिलं जाणारं उत्तर असं की, बांबूचं बेट जसं पसरतं तसं कुळ पसरतं, एकाचे शंभर होतात. मला हे स्पष्टीकरण साफ अमान्य आहे. या अर्थाने 'वंश' शब्द जुन्या ग्रंथांत जिथे ठळकपणे येतो, तिथे पसारा नाहीच. बृहदारण्यक उपनिषदात अध्यायांच्या शेवटी गुरुपरंपरेच्या याद्या आहेत आणि त्या याद्यांनाच 'वंश' म्हणतात: अमुक अमक्यापासून, तो तमक्यापासून. एक सरळ रेघ, एकाखाली एक नाव. शंकराचार्य भाष्यात याचा उलगडा करतात तेव्हा बेटाचं नावही काढत नाहीत. वेळू जसा पेरापेरावर, म्हणजे सांध्यासांध्यावर, विभागलेला असतो, तसा शेंड्यापासून मुळापर्यंतचा हा वंश, असं ते म्हणतात. मोनियर-विल्यम्सच्या 1899च्या संस्कृत-इंग्रजी कोशातही पेरांच्या क्रमाचंच कारण दिलं आहे. पण तो कोश 'एकामागून एक' एवढ्यावर थांबतो. शंकराचार्यांच्या वाक्यातला जोर विभागण्यावर आहे, आणि माझ्या मते शब्दाचा प्राण तिथे आहे.

आता हा शब्द जीवशास्त्राशेजारी ठेवा. बेटाची उपमा तिथे पार मोडते. बेटातले बांबू जमिनीखालच्या खोडातून फुटतात. ती सगळी वाढ साध्या सूत्री विभाजनाची असते, पेशीतून हुबेहूब पेशी. शंभर बांबू दिसले तरी जनुकांच्या हिशेबाने तो एकच जीव. बांबूत न्यूनीकरण होतं ते फुलोऱ्यात, आणि काही जातींना फुलायला चाळीस-पन्नास वर्षं, काहींना शंभराहून जास्त वर्षं लागतात. बेट हे वंशाचं नव्हे, नकलांचं चित्र आहे.

पेराचं मात्र जुळतं, आणि किती जुळतं! दोन पेरांमधल्या कांड्यात बांबूचे वाहक तंतू सरळ, एकमेकांना समांतर जातात. पेरावर आले की ते फाटे फोडतात, आडवे वळतात, एकमेकांत गुंततात, आणि मग पुढच्या कांड्यात पुन्हा सरळ होतात. आतली पोकळीही पेरावर पडद्याने बंद होते. माणसाच्या पिढ्यांचंही असंच आहे. एक आयुष्य म्हणजे एक कांडं, त्यात सूत्री विभाजनांची सरळ वाढ. दोन आयुष्यांमधलं पेर म्हणजे हे विभाजन. त्याच्या पहिल्या टप्प्यात आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं गुणसूत्र एकमेकांना लांबीभर बिलगतात, काही ठिकाणी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा जुळतात. साधारणपणे प्रत्येक जोडीत निदान एक तरी अशी अदलाबदल होते. मॉर्गन आणि कॅटेल यांनी 1912 साली याला 'क्रॉसिंग ओव्हर' हे नाव दिलं.

यावरून प्राचीनांना गुणसूत्रं ठाऊक होती असा अर्थ कुणी काढू नये. तसले दावे करणारे भाषेचंही नुकसान करतात आणि विज्ञानाचंही. त्यांना बांबू ठाऊक होता आणि त्यांनी तो नीट पाहिला होता. माझं म्हणणं एवढंच आहे की, कुळासाठी शब्द निवडताना त्यांची नजर वाढीवर नव्हती, सांध्यावर होती. म्हणून त्यांचा शब्द आज आपल्याला अचूक कामाला येतो. पेर म्हणजेच पर्व. 'पर्वत' म्हणजे सांध्यासांध्यांचा, ग्रंथाचं पर्व म्हणजे त्याचं एक कांड. या विभाजनाला कुणी 'पर्वविभाजन' म्हटलं असतं, तर 'अर्ध' कशाचं हा प्रश्नच उद्भवला नसता, आणि 'अनुवंश'शी त्याचं नातंही उघड झालं असतं.

अर्धं करावंच का लागतं, हे व्हाइसमान या जीवशास्त्रज्ञाने 1887 साली तर्काने मांडलं होतं. त्याआधी 1883 मध्ये व्हान बेनेडेनने जंताच्या प्रजननपेशींत निम्मी गुणसूत्रं मोजली होती. गणित सरळ आहे. न्यूनीकरण नसतं तर दोन पेशींच्या मीलनाने दर पिढीत संख्या दुप्पट झाली असती आणि 46 गुणसूत्रांची दहाव्या पिढीत 47,104 झाली असती. (माणसात 46 आहेत हे पक्कं कळायलाही 1956 उजाडलं. तोवर 48 मानत असत.) म्हणून पेरावर निम्मं गाळावं लागतं. 23 जोड्यांतलं कोणतं गुणसूत्र निवडलं जाणार, हे प्रत्येक जोडीत स्वतंत्रपणे ठरतं, त्यामुळे एकाच व्यक्तीच्या प्रजननपेशींत 83,88,608 प्रकारचे संच संभवतात. तुकड्यांची अदलाबदल यात धरलेलीच नाही. आईवडिलांकडून निम्मं-निम्मं येतं. पण आजोबांकडून बरोबर पाव येईल याची खात्री नाही, कमीजास्त होतं, कारण वाटणी मधल्या पेरावर पुन्हा नव्याने झालेली असते.

स्त्रीच्या बाबतीत तर हे पेर विलक्षण लांबतं. बीजांडाच्या पेशी या विभाजनाला आरंभ करतात ती मुलगी स्वतः गर्भात असताना. तिथेच मध्येच ते थांबतं आणि पुढे बारा, पंचवीस, चाळीस वर्षांनी त्या त्या पेशीची वेळ येते तेव्हा पुढे सरकतं. दुसरा टप्पा तर शुक्रपेशीशी मीलन झाल्यावरच पुरा होतो. म्हणजे आपण ज्या बीजांडातून आलो, त्याचं विभाजन सुरू झालं तेव्हा आपली आई आजीच्या पोटात होती. तीन पिढ्या एका विभाजनात! बृहदारण्यकाच्या शेवटच्या यादीत माणसांची नावं आईवरून आहेत, पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र अशी. ती यादी वाचताना मला हे नेहमी आठवतं. आणि डीएनएचा एक धागा खरोखरच आईकडूनच येतो. तंतुकणिकांमधला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमधला) डीएनए न वाटला जाता, न मिसळता, आईकडून सगळ्या मुलांकडे जातो. पेरातून अखंड जाणारा तो धागा.

वापराबद्दल एक गोष्ट उरली, आणि ती शुद्धलेखनापेक्षा महत्त्वाची आहे. 'जनुकीय', 'जन्मजात' आणि 'आनुवंशिक' हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, ते थांबायला हवं. आनुवंशिक म्हणजे जे पेर ओलांडून आलं ते. शरीरातल्या एखाद्या पेशीत आयुष्याच्या मध्यात जनुक बिघडला आणि गाठ झाली, तर तो बिघाड जनुकीय आहे. पण तो प्रजननपेशीत नाही, म्हणून आनुवंशिक नाही. बहुतेक कर्करोग असेच असतात. गर्भावर बाहेरून परिणाम होऊन आलेलं व्यंग जन्मजात असतं, आनुवंशिक नव्हे. आणि डाऊन सिंड्रोमला बातम्यांत सर्रास 'अनुवांशिक आजार' म्हणतात तेव्हा शब्द दोनदा चुकतो, एकदा ऱ्हस्व 'अ'मध्ये आणि एकदा अर्थात. तिथे 21व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात, एकूण 47. बहुतेक वेळा आईवडील दोघांचीही गुणसूत्रं पूर्ण ठीक असतात. प्रजननपेशी तयार होताना एक जोडी सुटायची राहून गेलेली असते. ते कुळातून आलेलं नसतं, त्या एका पेरावर घडलेलं असतं. त्या आईवडिलांशी बोलताना 'आनुवंशिक' म्हणणं म्हणजे त्यांच्या कुळाला नसलेला दोष चिकटवणं आहे. तिथे 'गुणसूत्रीय' म्हणा. तो शब्द अचूक आहे.