बोअरवेलच्या एकाच पाण्यातील लोहाचे आकडे सकाळी आणि संध्याकाळी वेगळे का येतात?

बाटलीत भरून ठेवलेल्या बोअरवेलच्या पाण्यात विरघळलेले लोह सकाळी लिटरला १.८ मिलिग्रॅम आणि संध्याकाळी ०.४ मिलिग्रॅम आले, तेव्हा फोटोमीटर (रंगीत द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र) बिघडला आहे का, असे आपण विचारले आहे. पाणी तपासणीच्या कामातील माझा अनुभव असा, की अशा वेळी यंत्राचा दोष क्वचितच निघतो. बहुतेकदा मधल्या काळात बाटलीतले पाणीच बदललेले असते.

जमिनीत खोलवर ऑक्सिजन फारसा नसल्याने तेथील पाण्यात लोह फेरस या विद्राव्य रूपात विरघळून राहते. पंपाने पाणी वर आले की त्यात हवा मिसळते, फेरसचे फेरिक, म्हणजे सहसा न विरघळणारे लोह होते आणि त्याचा तांबूस साका तळाशी बसतो. याचा वेग मुख्यतः पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे ते सांगणाऱ्या अंकावर अवलंबून असतो. पीएच एका अंकाने वाढला तर हा वेग सुमारे शंभरपट होतो, त्यामुळे ६ पीएचचे पाणी बराच काळ नितळ राहते आणि ७.५ पीएचचे पाणी पाहता पाहता गढुळते. संध्याकाळी आपण वरचे निवळलेले पाणी घेतले असेल, तर त्यात विरघळलेले लोह खरोखरच कमी उरले होते आणि यंत्राने तेच दाखवले.

व्यवहारात ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जे पार होते ते विरघळलेले मानतात. म्हणून पाणी बोअरवेलपाशीच, उपसल्याबरोबर गाळावे आणि त्यानंतर नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणावा. हा क्रम उलटला, तर फिल्टरवर अडकले असते ते लोहही आम्लात विरघळते आणि आकडा फुगतो. प्रयोगशाळेत कितीही काळजी घेतली तरी ही चूक तेथे भरून काढता येत नाही.

यंत्राबद्दलची शंका मात्र सहज फेडता येते. फेनँथ्रोलिन हे चाचणीचे रसायन फक्त फेरस लोहाशी नारिंगी-तांबडा रंग देते, म्हणून आधी हायड्रॉक्सिलअमीन या दुसऱ्या रसायनाने सगळे लोह फेरस करून घेतात आणि मग ५१० नॅनोमीटरला प्रकाशाचे शोषण मोजतात. हा रंग कित्येक महिने टिकतो. तेव्हा सकाळी तयार केलेले रंगीत द्रावण झाकून ठेवावे आणि संध्याकाळी पुन्हा त्याच क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या पारदर्शक नळीत) मोजावे. आकडा तोच आला तर यंत्र निर्दोष आहे. शिवाय ०.७०२ ग्रॅम फेरस अमोनियम सल्फेट किंचित आम्लयुक्त ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एक लिटर केले, की लिटरला १०० मिलिग्रॅम लोहाचे द्रावण मिळते. ते पातळ करून चार-पाच प्रमाण द्रावणे (लोह किती ते नेमके ठाऊक असलेली) करावीत आणि यंत्राच्या छापील आलेखावर विसंबण्याऐवजी लोह आणि शोषण यांचा स्वतःचा आलेख काढावा.

ब्लँक, म्हणजे यंत्राचे शून्य ठरवण्यासाठी मोजायची तुलनेची द्रावणे, दोन लागतात. एक रीएजंट (चाचणीची रसायने) घातलेल्या शुद्ध पाण्याचा, आणि पाण्याला मुळातच पिवळसर छटा असेल तर फेनँथ्रोलिन न घातलेल्या नमुन्याचा. दुसरा अनेक जण टाळतात, आणि मग पाण्याचा स्वतःचा रंगही लोहाच्या खात्यात जमा होतो.

कपड्यांवर डाग पडू लागतात ते साधारण ०.३ मिलिग्रॅमच्या पुढे, म्हणून त्या पातळीजवळचा आकडा नेमका हवा. एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये रंगीत द्रावणातील लिटरला १ मिलिग्रॅम लोहाचे शोषण जेमतेम ०.२ येते, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमला केवळ ०.०२, एवढा फरक काचेवरच्या बोटाच्या ठशानेही पडू शकतो. आपल्या फोटोमीटरमध्ये पाच सेंटीमीटरचा क्युव्हेट बसत असेल, तर कमी लोहाच्या पाण्यासाठी तोच वापरावा.