यामाहाच्या एक्समॅक्स ३०० स्कूटरची स्मार्ट की (खिशात ठेवूनच चालणारी चावी) ओळखली जात नाही, आधी काय बघू?

चावी खिशात असूनही मुख्य स्विचचा नॉब फिरत नसेल, तर फोन चावीपासून दूर ठेवा आणि स्विचच्या ८० सेंमीच्या आत उभे राहा. तरीही अडलं तर बहुधा चावीतला ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल उतरलेला असतो. तो बदलताना धन बाजू नीट बघा.

सेल लगेच मिळाला नाही, तरी आपत्कालीन पद्धतीने गाडी सुरू होते. त्याला साधी यांत्रिक चावी आणि स्मार्ट कीचा ओळख क्रमांक लागतो. म्हणून त्या क्रमांकाचा फोटो आजच काढून ठेवा, हे खरंच महत्त्वाचं आहे. दोन्ही गोष्टी सीटखाली मात्र कधीच ठेवू नका. सीटचं कुलूपही स्मार्ट कीच्याच यंत्रणेवर चालतं.

सेल नवा असूनही मीटर उजळत नसेल, तर १२ व्होल्टची बॅटरी तपासा.