रविवारची आढावा बैठक

‘मी नात्यासाठी एवढे ठरवून प्रयत्न करतो, तरी जोडीदार समाधानी का नाही?’ हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, आणि बहुधा तो दोघांपैकी मनापासून राबणाऱ्याकडूनच येतो. ज्या जोडप्यामुळे मला त्याचे उत्तर स्पष्ट दिसले, त्यांची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे लिहीत आहे.

दोघेही पुण्यात राहणारी, लग्नाला अडीच वर्षे झालेली. तो व्यवस्थापनशास्त्र शिकून एका कंपनीत प्रकल्प सांभाळणारा, ती फिजिओथेरपिस्ट. पहिल्याच भेटीत त्याने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. लग्नानंतर सहा महिन्यांनी खटके उडू लागले, तेव्हा त्याने संसाराचे ‘स्वॉट’ विश्लेषण, म्हणजे बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांची मांडणी, केले होते. त्यात ‘संधी’खाली ‘दिवाळीची सुट्टी’ आणि ‘धोके’ या सदरात ‘सासूबाईंचा दीर्घ मुक्काम’ अशी नोंद होती. पुढे एक्सेलमध्ये आठवड्याचा तक्ता होता: एकत्र जेवण, भांडी, कौतुकाचे शब्द, घरी आल्यावर अर्धा तास संवाद. प्रत्येक बाबीला दोघांसाठी उद्दिष्ट होते. ते गाठले की हिरवा रंग, थोडक्यात हुकले की पिवळा, नाही तर लाल. दर रविवारी सायंकाळी सहा वाजता चहा घेत आढावा बैठक होई. हे सांगताना दोघांनाही हसू आले, मलाही आले. परंतु दोन वर्षांत एकही रविवार न चुकवणाऱ्या या माणसाची तळमळ खरी आहे, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

मग तिने पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. जुलैमधल्या एका आठवड्याचा तो तक्ता होता. त्या आठवड्यात तिचे वडील कोल्हापुरात अतिदक्षता विभागात होते. ‘कौतुकाचे शब्द: उद्दिष्ट पाच, प्रत्यक्षात शून्य’ यासमोर तिच्या नावाखाली लाल रंग भरलेला होता. ती म्हणाली, “बातमी कळल्यावर हा रातोरात गाडी चालवत कोल्हापूरला आला, दोन रात्री त्या बाकावर बसून राहिला. याच्या नावाखाली त्यातले काहीच नाही, कारण तसा रकानाच नाही. आणि मला मात्र लाल.” तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला.

पाच हा आकडा कुठून आला, असे मी त्याला विचारले. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी संशोधकांचे काम त्याने वाचले होते: टिकलेल्या, समाधानी जोडप्यांत वादाच्या वेळीही एका कडवट प्रतिसादामागे साधारण पाच गोड प्रतिसाद दिसतात. मात्र ते जोडप्यांना बोलताना पाहून केलेले निरीक्षण आहे, औषधाची मात्रा नव्हे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये मांडलेला विचार या नवऱ्याच्या अभ्यासातला होता: मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निरुपयोगी ठरते. त्याचा पुरावा तिनेच दिला. शनिवारी रात्री मोजणी कमी भरली, की ती “भाजी छान झाली” असे दोनदा म्हणून टाकत असे.

त्याच्याच विषयातले आणखी एक नाव मी काढले. 1950 मध्ये जपानी उद्योजकांना गुणवत्तेचे धडे देणाऱ्या विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांनी कामाच्या जागेतून भीती हद्दपार करा असे सांगितले, आणि कर्मचाऱ्यांच्या वार्षिक मूल्यमापनाला व्यवस्थापनाच्या जीवघेण्या रोगांत गणले. कारखान्यात जे घातक ठरते, ते स्वयंपाकघरात दर रविवारी केल्यास माणूस घरातही परीक्षार्थीच होतो, हे माझे ठाम मत मी त्याला सांगितले.

मात्र मी सगळेच मोडीत काढायला सांगितले नाही. कामांच्या वाटणीची यादी तशीच ठेवली, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत तशी यादी नसते आणि सारा भार बायकोच्या अंगावर पडतो. रविवारची वेळही ठेवली. फक्त सहा आठवडे तक्ता उघडायचा नाही आणि रंग भरायचे नाहीत, एवढे ठरले. शिवाय जपानी कारखान्यांतली ‘गेम्बा’ची पद्धत, म्हणजे अहवालावर न विसंबता काम चालते त्या जागी जाऊन पाहणे, ती घरासाठी वापरायला सांगितली. एका संध्याकाळी तो तिच्या क्लिनिकच्या प्रतीक्षाकक्षात बंद होण्याच्या वेळेपर्यंत बसला. दिवसभर उभ्याने काम केलेली, रुग्णांना आधार देऊन खांदे भरून आलेली बायको त्याने पाहिली, आणि ‘घरी आल्यावर अर्धा तास संवाद’ हा रकाना दर आठवड्याला लाल का राहतो, ते त्याला कुणी समजावावे लागले नाही. आता ती आल्यावर तो चहा ठेवतो आणि तिने बोलायला सुरुवात करेपर्यंत थांबतो.

पाचव्या भेटीला लॅपटॉप आला नाही. तो चार घड्यांचा कागद तिने पुन्हा आणला होता. त्यावर तळाशी पेनाने एक ओळ वाढवली होती: ‘कोल्हापूर, बाक, दोन रात्री’. सासूबाईंच्या मुक्कामावरून मतभेद कायम आहेत आणि पुढच्या भेटीत आम्ही त्यावरच बोलणार आहोत.