पट्ट्या पूर्ण, तरी आवाज तुटतो

प्रश्न : घरी फायबरचं कनेक्शन आहे. दिवसा सगळं व्यवस्थित चालतं. संध्याकाळी सगळे घरी आले की मात्र व्हिडिओ कॉलवर माझा आवाज तुटतो, समोरच्याचा बऱ्यापैकी येतो. पानंही उघडता उघडत नाहीत. मोबाइलवर वाय-फायच्या पट्ट्या पूर्ण असतात. राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा तेच. कंपनीचा माणूस दुपारी येऊन वेग मोजून गेला आणि ‘लाइन ओके आहे’ म्हणाला. घरातले म्हणतात, भारीतला नवा राउटर आणा. आणू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी त्या पट्ट्यांवर विसंबणं सोडा. राउटरपासून मोबाइलपर्यंत सिग्नल किती जोरात पोचतोय, एवढंच त्या दाखवतात. पुढची लाइन मेली तरी त्या पूर्णच दिसतील. बिघाड राउटरच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी ठरवू. त्याला खर्च काही नाही.

कॉल जिथे अडकतो तिथेच लॅपटॉप घेऊन बसा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग (समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लिहून पुढे राउटरचा पत्ता द्या. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर सापडेल. दुसरीत ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक पत्ता द्या. दोन्हींच्या शेवटी एक जागा सोडून उणे चिन्ह आणि टी हे अक्षर जोडा, नाहीतर चार ओळी छापून ते थांबतं. आता संध्याकाळ होऊ द्या.

पहिल्या खिडकीत आकडे बहुतेक वेळा एक-दोन-पाच मिलिसेकंदांत राहिले, तर घरातलं वाय-फाय ठणठणीत आहे. तिथेच दोनशे, आठशे असे आकडे उसळायला लागले किंवा ‘टाइम्ड आउट’च्या ओळी आल्या, तर दोष घरातच आहे, लाइनवाल्याशी भांडून उपयोग नाही. दोन्ही खिडक्या शांत आणि तरीही पानं उघडत नसतील, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून बघा.

तुमच्याकडे पहिली खिडकी शांत राहील आणि दुसरी उसळेल, असा माझा अंदाज. घरी आलेले मोबाइल वाय-फायला लागले की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला लागतात. बऱ्याच कनेक्शनांत अपलोडची बाजू डाउनलोडपेक्षा अरुंद असते. ती भरली की जायचा डेटा राउटरमध्ये तुंबतो. अरुंद बोळात हातगाडी अडली की मागचा सायकलवालाही खोळंबतो, तसा तुमचा आवाज त्या फोटोंमागे उभा राहतो. म्हणून आवाज तुमचाच तुटतो. पान मागवायची विनंतीही त्याच रांगेतून बाहेर पडते, म्हणून पानंही रखडतात. राउटर बंद केला की अपलोड तुटतं आणि रांग रिकामी होते. मोबाइल पुन्हा कामाला लागेपर्यंत तुम्हाला वाटतं, दुरुस्त झालं! दुपारी एकट्या लॅपटॉपवर वेग मोजणाऱ्याला यातलं काही दिसणारच नाही.

खात्री करायची तर आज संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलमधला फोटो-बॅकअप बंद ठेवा आणि दुसऱ्या खिडकीकडे बघत बसा. आकडे खाली आले, तर चोर सापडला. मग राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस (कुठल्या डेटाला आधी आणि किती वाट द्यायची ते ठरवणारी सोय) शोधा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग मुद्दाम सोडून द्यायचा, हे ऐकायला उलटं वाटतं, पण रांग त्यानेच आटोक्यात राहते. ही सोय तुमच्या राउटरमध्ये नसेलच, तर नवा घेण्याला अर्थ आहे, आणि तोही ती सोय बघून. डब्यावर किती अँटेना आहेत ते मोजू नका.

माझा अंदाज चुकून पहिलीच खिडकी उसळली, तर राउटर लोखंडी कपाटामागून, टीव्हीच्या पाठीमागून किंवा आरशाजवळून हलवा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फाय पट्ट्यावर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवा. मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात काम करतो. राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर तीही इथे गोंगाट करते, आणि हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. कॉलसाठी ५ गिगाहर्ट्‌झ बरा, पण भिंतींपुढे तो लवकर दमतो. तो मध्येच मिनिटभर गायब होऊन परत येत असेल, तर राउटर रडारसाठी राखून ठेवलेल्या चॅनेलवर बसलेला असू शकतो. रडारची चाहूल लागली की तो चॅनेल सोडावाच लागतो. ३६ ते ४८ मधला एखादा हाताने निवडा.

राउटरचे सगळे दिवे आपोआप विझून लागत असतील तर आधी अडॅप्टर बदला. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. आणि फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा दिसला, तर वरचं काहीही करू नका, थेट तक्रार नोंदवा.

प्रश्न : आतल्या खोलीत रिपीटर लावला. पट्ट्या वाढल्या, वेग उलट कमी झाला. असं का?

उत्तर : रिपीटर बहुधा त्याच खोलीत लावला असेल, जिथे सिग्नल पोचत नव्हता. मग तो तरी काय आणून देणार? राउटर आणि ती खोली यांच्या मधोमध लावा. साधा रिपीटर एकाच रेडिओवर राउटरशीही बोलतो आणि तुमच्याशीही, त्यामुळे वेग साधारण निम्मा होणारच. केबल ओढणं शक्य असेल तर जुना राउटर तिथे अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं इंटरनेट फक्त वाय-फायवर पसरवण्यासाठी, लावा. त्याला आधी वेगळा पत्ता द्या, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि मगच केबल लॅन पोर्टमध्ये खोचा.