स्वयंसेवक कुणाची सेवा करतो?

मंडणगड तालुक्यातून आलेला प्रश्न असा: "कासवं अंडी घालायला येतात त्या दिवसांत किनाऱ्यावर मदतीला येणाऱ्या मुलांना आम्ही 'स्वयंसेवक' असे बिल्ले देतो. शेजारच्या खाणावळीत 'स्वयंसेवा' अशी पाटी आहे. एक पाहुणा हसत म्हणाला, म्हणजे दोन्हीकडं आपलंच ताट वाढून घ्यायचं का? शब्द चुकलाय का आमचा? आजी म्हणते, बिल्ल्यावर 'सावड' लिहा. चालेल का?"

शब्द चुकलेला नाही. 'स्वयम्' हे अव्यय आहे, अर्थ 'आपण होऊन'. स्वयंवरात मुलगी स्वतः निवडते, स्वतःला निवडत नाही. स्वयंभू गणपती आपण होऊन प्रकटतो. त्याच चालीनं, कुणी न सांगता आपण होऊन सेवेला उभा राहतो तो स्वयंसेवक. स्वतःचीच सेवा करणारा म्हणायचं असतं, तर स्वार्थ-स्वहितातला 'स्व' घेऊन 'स्वसेवक' म्हणावं लागलं असतं. पण म्हणून पाहुण्याला अगदीच वेड्यात काढू नका. 'स्वयंपाक' बघा. मुळात आपलं अन्न आपण शिजवणं. हिंदीत 'स्वयंपाकी' म्हणजे स्वतःचं स्वतः रांधून खाणारा. मराठीत मात्र अख्ख्या घरासाठी चुलीपुढं घाम गाळणारी बाईही 'स्वयंपाक'च करते. काम कुणी करायचं एवढंच 'स्वयं' सांगतो. कुणासाठी, ते रूढी ठरवते.

आणि गंमत अशी की पाहुण्याच्या टोमण्यात मानसशास्त्र आहे. माणसं फुकट का राबतात, यावर गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये एक प्रश्नावली मांडली. त्यांना सहा प्रकारची कारणं दिसली. कुणाला दुसऱ्याची कणव असते, कुणाला काही शिकायचं असतं, कुणाचे मित्र तिथं असतात, कुणाला पुढं नोकरीला उपयोग होईल असं वाटतं, कुणाला आपल्या मनातला सल किंवा एकटेपणा विसरायचा असतो, आणि कुणाला आपण कामाचे आहोत हे स्वतःला पटवायचं असतं. सहातलं एकच कारण सरळसरळ 'दुसऱ्यासाठी' आहे! त्याआधी 1995 मध्ये ॲलन ओमोटो आणि स्नायडर यांनी एड्सच्या रुग्णांना मदत करणाऱ्यांचा अडीच वर्षं मागोवा घेतला होता. जास्त दिवस टिकले ते स्वतःसाठीही काही मिळवायला आलेले. नुसत्या परोपकाराच्या भावनेनं कोण टिकेल, हे सांगता आलं नाही.

मराठीला हे नवीन नाही. 'घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो' असं आपण ज्याच्याबद्दल बोलतो, तो तरी कशाला भाजत असेल? शिमग्याला रजा टाकून, रात्रभर एसटीत अवघडून जो चाकरमानी गावी येतो आणि पालखीला खांदा लावतो, त्याला विचारा. 'सेवा' हा शब्द त्याच्या तोंडी क्वचितच येईल. तो म्हणेल, आमच्या वाडीचा मान आहे. मान चुकला तर वर्षभर मुंबईच्या खोलीत त्याला चैन पडत नाही. सहा कारणांपैकी निदान तीन त्या एका शब्दात बसतात.

आता आजीची सावड. शब्द अस्सल आहे, पण त्याला अट आहे. आषाढात एकेका घराची लावणी वेळेत उरकायची, तर तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला, लावायला हात पुरत नाहीत. मग आज तुमच्या शेतात, उद्या माझ्या. माणसामागं माणूस, जोतामागं जोत. सावडीत पैसा नसतो, हिशेब मात्र पक्का असतो. कुणाच्या घरचा माणूस आपल्याकडं येऊन गेला आणि आपला जायचा राहिला, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. फेड चुकवणाऱ्याच्या शेतावर पुढच्या पावसाळ्यात कोण जाईल? घाटावरची इर्जिक थोडी वेगळी: तिथं बोलावणारा जेवण घालतो आणि सगळे एका दिवसात त्याचं शेत उरकतात. ('अस्थी सावडणे' यातलं सावडणे म्हणजे गोळा करणं. त्यामुळं बिल्ल्यावर नुसतं 'सावड' वाचून एखादा पुणेकर दचकेलही.) पुण्याहून आलेला मुलगा तुमच्या किनाऱ्यावर पहाटे घरटी शोधत फिरला, तर तुम्ही त्याच्या सोसायटीत काय लावायला जाणार? फेड नाही तिथं सावड नाही. गावातल्या गावात पाळीपाळीनं रात्रीची राखण होते, तिला मात्र बेलाशक सावड म्हणा.

'श्रमदान' कुणी सुचवेल. विनोबांच्या भूदानाबरोबर हा शब्द घरोघरी गेला, आणि विनोबा आपल्याच पेणजवळच्या गागोद्याचे. दान म्हणजे उपकार नव्हे, वाटून घेणं, हा अर्थ ते शंकराचार्यांच्या 'दानं संविभागः' वरून सांगत. तरी सरकारी कार्यक्रमांत फावडं धरून फोटो काढून या शब्दाची रया गेली, असं माझं मत.

मला खरी धास्ती वाटते ती 'मानधन' या शब्दाची. 2000 साली ग्नीझी आणि रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेल्या प्रयोगात इस्राएलमध्ये शाळकरी मुलांना दारोदारी वर्गणी गोळा करायला पाठवलं. मोबदला म्हणून काहींना जमलेल्या वर्गणीच्या एक टक्का, काहींना दहा टक्के, काहींना काहीच नाही. सर्वांत जास्त वर्गणी आणली काहीच न मिळणाऱ्यांनी, सर्वांत कमी एक टक्कावाल्यांनी. चार आणे हातावर ठेवले की काम 'माझं' राहत नाही, स्वस्तातली मजुरी होते. ती बोच झाकायला मराठीनं धनाच्या आधी 'मान' जोडला. पण झाकण फार घट्ट बसलं तर दुसरंच होतं. गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशा ताईंना 'स्वयंसेविका' म्हणतात. कामं नेमून दिलेली, नोंदवह्या भरायच्या, वेळीअवेळी बोलावणं, आणि पगार मागितला की उत्तर: तुम्ही तर स्वयंसेविका. त्यांना संपावर जावं लागलं ते उगाच नाही. संस्कृत 'विष्टि'वरून आलेली 'वेठ' आणि फारसी 'बिगार' यांची जोडी जमून झालेला 'वेठबिगार' 1976 च्या कायद्यानं बंद झाला, पण शब्द बदलून तो परत येऊ शकतो. 'स्वयं'ची कसोटी एकच: आज जमणार नाही, असं म्हणता येतं का?

तेव्हा बाहेरून येणाऱ्या मुलांच्या बिल्ल्यावर 'स्वयंसेवक' राहू द्या. गावातल्या राखणदारांना 'कासवमित्र' म्हणतातच, त्याहून चांगला शब्द मला सुचत नाही. बदलायची तर खाणावळीची पाटी बदला: 'हातानं वाढून घ्यावं'. सोलकढी तेवढी तुम्ही वाढा. ती हातानं घ्यायला लागले, तर मागच्या पंगतीला उरायची नाही.